कोरफडीचे दुखणे आणि माणसाची औषधे

ज्या वनस्पतीच्या रसाचा औषध म्हणून दोन हजार वर्षे अखंड व्यापार झाला, तिच्या स्वतःच्या दुखण्याखुपण्याची दखल मात्र विसाव्या शतकापर्यंत वैद्याने, माळ्याने किंवा सरकारी दप्तराने फारशी घेतलेली दिसत नाही. भाजलेल्या बोटावर तिचा गर चोळावा, कोठा साफ होण्यासाठी तिच्या रसाचा आटवलेला काळा बोळ द्यावा, केसांच्या तेलात तिचे तुकडे कढवावेत, आणि एवढे सगळे घेऊन झाल्यावर तिला परसातल्या मोरीच्या कडेला किंवा चाळीच्या गॅलरीतल्या फुटक्या कुंडीत टाकून विसरून जावे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे. ती मरत नाही, अशी सार्वत्रिक समजूत. आणि जी मरत नाही तिला रोग तो कसला? तरीही एके दिवशी तिच्या पानांच्या बेचक्यात कापसाचा पुंजका दिसतो, पानांवर तांबूस डाग उमटतात, बुडखा मऊ पडतो, आणि मग घरधनी हाताला लागेल ते औषध घेऊन धावतो. हे हाताला लागणारे औषध त्या त्या काळी कोणते होते आणि ते कोठून आले, याचा माग काढू लागले म्हणजे ध्यानात येते की औषधे नेहमीच पुढे धावली, आणि रोग ओळखण्याची विद्या त्यांच्यामागून पुष्कळ अंतराने, रमतगमत आली.

कोरफड मूळची आपली नव्हे. वनस्पतिशास्त्रज्ञ तिचे माहेर अरबस्तानच्या द्वीपकल्पात, ओमानकडील डोंगरांत मानतात. परंतु संस्कृत वैद्यकाने तिला कुमारी म्हणून केव्हाच आपलेसे केले होते. बोळाच्या व्यापारात मात्र सर्वांत मोठे नाव होते ते सोकोत्रा बेटाचे. तांबड्या समुद्राच्या तोंडावर पहारा बसवावा या हेतूने पोर्तुगीजांनी १५०७ साली ते बेट जिंकले आणि अवघ्या चार वर्षांत सोडूनही दिले. पण तिकडला बोळ हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर पूर्वीपासून येत होता तसा पुढेही येत राहिला. गोव्यात राहून वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादात्मक औषधिग्रंथात बोळाला अगदी आरंभीचे स्थान दिले आणि खंबायतेच्या मालापेक्षा सोकोत्र्याचा माल सरस ठरवला. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात जाफराबादी बोळ प्रसिद्ध होता, आणि काठेवाडच्या किनाऱ्यावरचे ते जाफराबाद जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अंमलाखाली असल्यामुळे या कडू रसावरची जकात कोकणातल्या एका जलदुर्गाच्या खजिन्याशी जोडलेली होती, ही गोष्ट आपल्याकडील इतिहासकारांनी फारशी मनावर घेतलेली नाही. शास्त्रीय नावाचा तंटाही असाच कागदोपत्री मिटला: बुर्मान आणि मिलर या दोघांनी १७६८ च्या एप्रिल महिन्यात सुमारे दहा दिवसांच्या अंतराने या झाडाला वेगवेगळी नावे दिली, आणि त्या दहा दिवसांच्या अग्रहक्काने बुर्मानचे ‘अ‍ॅलो व्हेरा’ हे नाव आजवर टिकून आहे.

या साऱ्या घडामोडीत परीक्षा झाली ती मालाची. बोळ काळा की पिंगट, फोडल्यावर चकाकतो की मातकट दिसतो, त्यात खडे किती आणि राळ किती, हे व्यापारी आणि वैद्य मोठ्या कसोशीने पाहात. पण ज्या झाडातून तो निघाला ते झाड निरोगी होते की नाही, हे पाहण्याचे कोणालाच प्रयोजन वाटले नाही. माळरानावर आपोआप वाढणाऱ्या झाडाच्या बाबतीत ते एका अर्थी स्वाभाविकही होते, कारण रानातल्या कोरफडीला रोग क्वचित होतो. तो व्हायला ती कुंडीत यावी लागते.

मरण न येणारे झाड म्हणून तिची जी ख्याती झाली तिचा एक पुरावा अजूनही आपल्या गावोगावच्या दारांवर उलटा लोंबताना दिसतो. दृष्ट लागू नये म्हणून मुळासकट उपटलेली कोरफड चौकटीला टांगण्याची ही चाल केवळ आपलीच नाही. एडवर्ड लेन या इंग्रज गृहस्थाने १८३६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात कैरो शहरातील लोक नव्या घराच्या दारावर ती अशीच टांगतात, आणि ती माती-पाण्यावाचून कित्येक वर्षे जगते व फुलतेही, असे नमूद केले आहे. शोभेची म्हणून या चालीकडे बघणाऱ्यांनी तिच्यातला वनस्पतिशास्त्रीय धडा सोडून दिला. जे झाड वाऱ्यावर लोंबत महिनोन्‌महिने तगते तेच झाड रोज सकाळी तांब्याभर पाणी घालणाऱ्या मायाळू माणसाच्या कुंडीत पावसाळाभर टिकत नाही. त्याची मुळे काळी पडतात, बुडखा कुजतो, पाने पाणथळ होऊन खाली मान टाकतात, आणि तो माणूस पान तपासून कीड शोधू लागतो.

आपल्या पूर्वजांनी वनस्पतींच्या रोगांचा विचार केला नव्हता असे मुळीच नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात थंडी, वारा व ऊन यांमुळे झाडांना रोग होतात, पाने पांढुरकी पडतात, फांद्या वाळतात, रस गळतो, अशी लक्षणे सांगून रोगट भाग शस्त्राने काढून टाकावा आणि त्या जागी विडंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा, असा उपचार दिला आहे. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात तर माणसाप्रमाणे झाडांचेही वात, पित्त आणि कफ असे प्रकार पाडून मोहरी, हिंग, विडंग, वेखंड, बिब्बा अशा तीक्ष्ण द्रव्यांची धुरी देण्याची तजवीज आहे. या ग्रंथाचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात पडून होते. नलिनी साधले यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९९६ साली सिकंदराबादेहून प्रसिद्ध झाले आणि मग एकाएकी सर्वांनाच त्याचा अभिमान वाटू लागला. अभिमान रास्त आहे, पण तो जरा डोळे उघडे ठेवून बाळगावा. धुरीच्या द्रव्यांची यादी वाचताना जाणवते ते असे की कीड ही त्या ग्रंथात एकच एक वस्तू आहे. तिच्या जाती नाहीत, तिचा जन्म नाही, ती रस शोषते की पान कुरतडते याची वेगळवेगळी चौकशी नाही. वराहमिहिराने थंडी, वारा आणि ऊन यांना दोष दिला तो मात्र, माझ्या मते, कुंडीतल्या कोरफडीपुरता नंतरच्या पुष्कळ औषधविक्यांपेक्षा अधिक अचूक आहे. सावलीत वाढलेली कोरफड एकदम वैशाखाच्या उन्हात ठेवली की तिची पाने तांबूस-विटकरी होतात, आणि हा तांबेरा समजून तिच्यावर फवारे मारणारे लोक आजही भेटतात.

सतराव्या शतकाच्या आरंभी या औषधांत एका परदेशी पाहुण्याची भर पडली. विजापूरच्या आदिलशाही दरबाराकडे वकिलीवर गेलेल्या असद बेगाने परत जाताना अकबरासाठी तंबाखू नेली, तो प्रसंग १६०४ च्या सुमाराचा आहे. म्हणजे दख्खनला तंबाखूची ओळख उत्तरेच्या आधी झालेली होती. युरोपात त्याच शतकाच्या अखेरीस बागवान तंबाखूचे पाणी झाडांवर शिंपडू लागले, आणि त्यातले विष निकोटिन म्हणून जर्मनीत १८२८ साली वेगळे काढण्यात आले. तंबाखूच्या पाण्याने मावा मरतो. परंतु कोरफडीवरचा पिठ्या ढेकूण मरत नाही, किंवा फार थोडा मरतो. त्याचे कारण भिंगातून पाहिले की तत्काळ कळते. पानाच्या तळाशी, जेथे दोन पाने एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात तेथे, हा तीन-चार मिलिमीटरांचा लांबट प्राणी बसलेला असतो. त्याच्या अंगावर मेणाची पांढरी भुकटी, कडेने मेणाचेच बारीक तंतू, आणि शेजारी अंड्यांचा कापशी पुंजका. या मेणावर पाण्याचा थेंब ठरतच नाही, घरंगळून जातो. मग त्या थेंबात तंबाखू असो की आणखी काही. मेण फोडायला साबण हवा, हे लक्षात येईपर्यंत एकोणिसावे शतक उजाडून चांगले माथ्यावर आले होते.

साबणाच्या जोडीला मग रॉकेल आले. अमेरिकेच्या कृषिखात्यातील रायली आणि त्याचा सहकारी हबर्ड यांनी १८८० नंतरच्या वर्षांत फ्लोरिडातील संत्र्यांवरच्या खवले किडीसाठी रॉकेल, साबण आणि पाणी घुसळून दुधासारखे मिश्रण करण्याची कृती प्रचारात आणली आणि ती जगभर गेली. आपल्याकडे त्याच सुमारास घरोघर रॉकेलचे दिवे लागू लागले होते, आणि तेल संपल्यावर उरणारा चौकोनी पत्र्याचा डबा बुडाला भोके पाडून, माती भरून गॅलरीच्या कठड्यावर चढू लागला होता. मुंबईच्या चाळीतल्या तुळशीने, गुलबक्षीने आणि कोरफडीने आपले शहरी आयुष्य या डब्यातच काढले. तेव्हा ज्या व्यापाराने तिला घर दिले त्यानेच तिला औषधही दिले असे म्हणता येईल. घर वाईट होते, कारण पत्रा उन्हात तापतो आणि भोके गंजून बुजली की पाणी तुंबते. औषधही या झाडाला पुरते मानवत नसे: कोरफडीच्या पानावरची निळसर-करडी मेणाची लव रॉकेलने निघून जाते आणि मग तेच पान उन्हाने भाजते. संत्र्याच्या झाडासाठी केलेली कृती कुंडीतल्या कोरफडीवर तशीच्या तशी वापरणे, हा रोग ओळखण्याआधी औषध ओतण्याचा आणखी एक दाखला.

पिठ्या, खवले, लाख आणि किरमिज हे सगळे किडे एकाच गोत्रातले, आणि या गोत्राची ओळख पटायला माणसाला लागलेला वेळ पाहिला म्हणजे मौज वाटते. मेक्सिकोतून स्पेनमार्गे येणारी किरमिजी रंगाची वाळलेली दाणेदार वस्तू हे बी आहे की कीटक, यावर युरोपात दीर्घकाळ वाद होता. लीवेनहुकाच्या सूक्ष्मदर्शकाने तो अठराव्या शतकाच्या आरंभी निकालात काढला. मग कंपनी सरकारलाही त्या रंगाचा मोह पडला. मद्रासचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांनी निवडुंगाची बाग लावून कीटकाची वाट पाहिली, आणि १७९५ साली कॅप्टन नील्सन नावाच्या अधिकाऱ्याने रिओ दि जानेरोहून कलकत्त्यास जो किडा आणला तो रंगाच्या दृष्टीने हलक्या जातीचा, रानटी निघाला. रंगाचा धंदा बुडाला. पण त्या किड्याने फड्या निवडुंगाच्या एका जातीचा असा फडशा पाडला की १८३६ ते १८३८ च्या दरम्यान दक्षिणेत तो किडा मुद्दाम सोडून निवडुंगाचा बंदोबस्त करण्यात आला, आणि तणाविरुद्ध कीटक हेतुपूर्वक योजण्याचे हे जगातील पहिले उदाहरण मानले जाते. दुसऱ्या, अधिक चिवट जातीच्या निवडुंगासाठी १९२६ साली सिंहलद्वीपातून दुसरा किडा आणावा लागला. कोरफडीच्या इतिहासात निवडुंगाची ही कथा आगंतुक वाटेल. परंतु किड्याची जात नेमकी कोणती, या एका प्रश्नावर कंपनीचा तोटा आणि शेतकऱ्याचा फायदा अवलंबून होता, आणि तो प्रश्न १७९५ साली कोणीही विचारला नव्हता.

हा प्रश्न विचारणारे सरकारी खाते आपल्याकडे विसाव्या शतकात उभे राहिले. हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांची १९०३ साली नेमणूक झाली, बिहारमधील पुसा येथे १९०५ मध्ये कृषिसंशोधनाची संस्था निघाली, आणि १९०६ व १९०९ साली त्यांचे हिंदुस्थानातील किडींवरचे दोन ग्रंथ बाहेर आले. कापूस, ऊस, भात यांच्या किडी त्यांत तपशिलाने आहेत. कुंडीतल्या झाडाची कीव करण्याइतकी सवड त्या खात्याला कोठून असणार? लेफ्रॉय पुढे विलायतेला परतले आणि १९२५ साली कीटक मारण्यासाठी विषारी वायूचे प्रयोग करीत असताना त्याच वायूने त्यांचा प्राण घेतला. दरम्यान काचपेट्यांतून आणि कुंड्यांतून देशोदेशी हिंडणाऱ्या झाडांबरोबर किडीही हिंडतात हे सरकारला उमजले होते, आणि १९१४ साली परदेशी झाडे व किडी यांच्या आयातीवर बंधन घालणारा कायदा झाला. कोरफडीच्या खास स्वतःच्या अशा ज्या दोन किडी आहेत त्यांची शास्त्रीय नोंद तिच्या अरबी माहेरी झाली नाही. झाली ती कॅलिफोर्नियात, जेथे कोरफडीच्या शेकडो आफ्रिकी भाऊबंदांना हौशी लोकांनी कुंड्यांत आणून बसवले होते. पानांवर व फुलांच्या दांड्यांवर वेड्यावाकड्या गाठी उठवणारा, डोळ्यांना न दिसणारा, चार पायांचा कोळी कायफर यांनी १९४१ साली वर्णिला, आणि पानांच्या बेचक्यात दाटी करणारा मावा एसिग यांनी १९५० साली. तोवर त्या गाठींना लोक झाडाचा कर्करोग समजत, आणि अजूनही बरेचजण तसेच म्हणतात.

नेमक्या याच दशकात ओळखीची गरजच उरली नाही असे वाटायला लावणारे औषध हाती आले. पाउल म्यूलर यांनी १९३९ साली डीडीटीचा गुण शोधला, त्याबद्दल १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि आपल्याकडे कलकत्त्याजवळील रिश्रा येथे १९५२ पासून बीएचसीचे उत्पादन सुरू झाले, दिल्लीला डीडीटीसाठी १९५४ साली सरकारी कारखाना निघाला. बीएचसीची, म्हणजे गॅमेक्सिनची, भुकटी मोरीत, गादीखाली, धान्याच्या कणगीभोवती आणि ओघानेच कुंडीतही पडू लागली. मुंगी मेली, झुरळ मेले, ढेकूण मेला. मग रोग कोणता हे विचारतो कोण? पण कॅलिफोर्नियाच्या संत्र्यांच्या बागांत १९४६-४७ सालीच एक विलक्षण प्रकार घडला होता. ऑस्ट्रेलियाहून १८८८-८९ मध्ये आणलेल्या ढालकिड्याने जी कापशी खवले कीड पन्नास वर्षांपूर्वी आटोक्यात ठेवली होती ती, डीडीटीने तो ढालकिडाच मेल्यामुळे, पुन्हा उसळली. कोळ्यांच्या बाबतीतही हाच अनुभव ठिकठिकाणी आला. आपल्या देशात पिठ्या व खवले किडींवर तुटून पडणारा असाच एक ऑस्ट्रेलियन ढालकिडा १८९८ साली कॉफीच्या मळ्यांसाठी आणला गेला होता, आणि आज नाशिक-सांगलीचे द्राक्षबागाईतदार त्याला प्रयोगशाळेतून विकत घेऊन वेलींवर सोडतात. फवाऱ्यांच्या अंमलात मधली कित्येक वर्षे त्याची आठवण कोणास नव्हती. भोपाळच्या कारखान्यात १९८४ च्या डिसेंबरात जो वायू सुटला तोही एका कीटकनाशकाच्याच घडणीतला होता. बीएचसीवर १९९७ साली बंदी आली तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा तो अंमल संपला, पण कुंडीतल्या झाडाला औषध म्हणजे भुकटी, ही समजूत मागे राहिली.

कडुनिंबाचे पुनरागमन त्यानंतरचे. धान्यात निंबाचा पाला घालण्याची रीत जुनीच. तिला प्रयोगाचा आधार मिळाला तो १९६२ साली दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेत, जेव्हा प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या पाण्याने फवारलेली पिके टोळधाडीने सोडून दिली असे दाखवले. ही तीच संस्था, बिहारच्या १९३४ च्या भूकंपानंतर पुसाहून दिल्लीला हललेली. नंतर बुरशीवरील निंबतेलाचे एकस्व एका अमेरिकन कंपनीने व तेथील कृषिखात्याने युरोपात मिळवले, तेव्हा त्याविरुद्धच्या दाव्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५ व १९८६ साली झालेल्या शेतचाचण्यांची साक्ष मोलाची ठरली. एकस्व २००० मध्ये रद्द झाले आणि २००५ मध्ये त्यावरचे अपीलही फेटाळले गेले. कोरफडीला निंबतेल मानवते, पण थोडके, संध्याकाळी, आणि आधी एका पानावर लावून पाहून. मेणाची लव तेही घालवते.

एवढ्या प्रवासानंतर आज घरच्या कुंडीपुरते जे निश्चित सांगता येते ते फारच थोडे आहे. पिठ्या असेल तर स्पिरिटात बुडवलेला कापसाचा बोळा काडीला गुंडाळून त्याला बेचक्यातून टिपून काढावे, मुंग्यांची रांग तोडावी, आणि हे आठ-आठ दिवसांनी पुन्हा करावे, कारण अंड्यांना स्पिरिट पुरेसे लागत नाही. खवले नखाने किंवा जुन्या दातघाशीने खरवडून साबणाच्या पातळ पाण्याने पुसावेत. गाठी आल्या तर तो भाग खोलवर कापून जाळावा आणि सुरी धुवावी. कोळी त्या गाठीच्या आत बसलेला असल्याने वरचा फवारा त्याच्यापर्यंत पोचत नाही. तांबेऱ्याचे फोड उठावदार असतात आणि बोटाला खडबडीत लागतात, उन्हाची लाली मात्र सपाट असते व सावलीत ठेवल्यावर काही आठवड्यांत हिरवी होते, एवढा फरक बोटानेच कळतो. आणि पाने मऊ पडली असतील, तर कोणतेही औषध आणण्याआधी कुंडी आडवी करून झाड बाहेर काढा व मुळे पाहा: काळी, बुळबुळीत मुळे निरोगी भागापर्यंत कापून टाका, झाड चार-सहा दिवस सावलीत कोरडे होऊ द्या, मगच वाळूमिश्रित नव्या मातीत लावा आणि पहिला आठवडा पाणी घालू नका.